कोलाला इंग्रजी कळत नाही

ओक्वुदिली मास्तरांनी पाहुण्याच्या स्वागताला मांडलेल्या लाकडी थाळीतली एक कोलाची बी उचलून तोबेन्नाच्या तळहातावर ठेवली आणि ते मागे सरकले. बी फोडण्याआधी आशीर्वाद म्हणायचा मान गावातल्या वडीलधाऱ्याचा, पण आज मास्तरांनी तो आपण होऊन पोराला दिला होता. सिनेटच्या जागेसाठी मतदारसंघातले तालुके आळीपाळीने उमेदवार देतात आणि उमुएझिके तालुक्याची पाळी पहिल्यांदाच आली होती. उमेदवार, म्हणजे तोबेन्ना, घरचा होता.

तोबेन्नाने बी उंच धरली, डोळे मिटले आणि इंग्रजीत प्रार्थना सुरू केली.

बायकांच्या बाकांवरून न्वाकेगो मावशी ओरडल्या, "अरे, कोलाला इग्बोशिवाय काही कळत नाही! आईनं दूध कुठल्या भाषेत पाजलं तुला?"

हशा पिकला. तोबेन्नाचा हात खाली आला.

"लागोसला वाढलो," तो मास्तरांना इंग्रजीतच म्हणाला. "समजतं सगळं. जीभ वळत नाही."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्याच आंब्याखाली त्यांनी दुसऱ्या तालुक्यांचे तीन सिनेटर बसवले होते. पहिल्याने प्रार्थना गाऊन म्हटली. दुसऱ्याने गावच्या पूर्वजांची नावं अशी घेतली की म्हातारे रडले. तिसऱ्याचं इग्बो तर ऐकतच राहावं असं. तिघांनीही ओढ्यावर पूल बांधतो म्हणून सांगितलं आणि तिघांच्याही गाड्या कोरड्या पात्रातून निघून गेल्या. पलीकडच्या दवाखान्यात न्यायला पाणी उतरायची वाट बघत मास्तरांची बायको अलीकडच्या काठावरच वारली. आता नात चिकाओदी ऐन पावसाळ्यात बाळंत होणार होती. आपली पाळी आली की पूल होईल, असं मास्तर गावाला वर्षानुवर्षं सांगत आले होते.

"पुलाचं काय ते बोल," ते इंग्रजीत म्हणाले.

तोबेन्ना उभा राहून इंग्रजीत थोडंसंच बोलला. पक्षाचा माणूस इफेआचो लगेच पुढे झाला आणि त्याने इग्बोत सांगितलं, "आपला पोरगा म्हणतोय, नव्या कोनफळांच्या सणाआधी पूल उभा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. न्वाकेगो मावशी तर नाचायलाच लागल्या.

मास्तर काठी टेकून उठले. त्यांनी जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवलं होतं.

"तो असं म्हणाला नाही. पुलाचा पैसा एकट्या सिनेटरच्या हातात नसतो, म्हणाला. मागत राहीन, भांडेन, पण पूल होईलच असा शब्द देत नाही."

टाळ्या विरल्या.

"मास्तर, जिंकायचंय ना आपल्याला?" इफेआचो दात आवळून म्हणाला.

"जिंकायचंय की. पण थापा मारायला परके होते ना तिघं. घरच्यानं कशाला?"

मग त्यांनीच बी हातात घेतली, इग्बोत चार शब्द म्हटले आणि ती फोडली. थाळी फिरली. मावशी आपला तुकडा चघळत राहिल्या.

निघताना पाहुण्याला एक अख्खी बी देतात. ती घरी पोचली की कुठून आली ते तिथे सांगायचं असतं. तिन्ही सिनेटरांनी आपापली बी खिशात घालून नेली होती. मास्तरांनी थाळीतली शेवटची बी उचलली, तसा तोबेन्नाने हात पुढे केला. मास्तरांनी ती स्वतःच्या खिशात टाकली.

"तुझीच आहे," ते इग्बोत म्हणाले. "चिकाओदीला कळा सुरू झाल्या की निरोप धाडतो. गाडी पलीकडच्या काठाला ठेव आणि पाण्यातून चालत ये तिला न्यायला. बी तेव्हा मिळेल."

इफेआचो भाषांतर करायला वळला. त्याच्याआधीच तोबेन्नाने होकाराची मान डोलावली होती.