भिंत धरून चालणारा घंटाजी

माझ्या शेपटीला अजून वायर आहे, यावरूनच माझं वय ओळखा मित्रांनो. हल्लीचे माझे भाऊबंद बिनवायरीचे, वजनाला हलके आणि स्वभावाने मिजासखोर. मी व्हिडिओ गेमचा जुना कंट्रोलर. डावीकडे एक आखूड दांडा, तो फिरवला की पडद्यावरचा माणूस चालतो. उजवीकडे बटणं. त्यातलं एक उडीचं, एक घंटेचं आणि बाकीची नुसती शोभेला. दांड्याची रबरी टोपी झिजून तुळतुळीत झाली आहे. हे मी कौतुकाने सांगतो आहे, तक्रार समजू नका.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथल्या एका बाईंनी माझं एकेक बटण दाबून पाहिलं, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. माझ्या पहिल्या घराबद्दल न बोललेलंच बरं. तिथली पोरं हरली की मला भिंतीवर फेकायची. पुढे जुन्या वस्तूंच्या दुकानात काही काळ धूळ खात पडलो आणि तिथून एका हत्यारांच्या पिशवीत बसून, पाने-पक्कड आणि ग्रीसचा डबा यांच्या सोबतीने, या घरी आलो.

पिशवी बाबांची. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टवाल्याला आयुष्यभर जिनेच चढावे लागतात, कारण लिफ्ट बंद पडली तरच त्याला बोलावणं येतं, असं ते स्वतःच हसून सांगतात. या जिन्यांनीच त्यांचा उजवा गुडघा खाल्ला. आई घरीच शिलाई मशीनवर कपडे शिवते. आणि दोन मुलं, ताई आणि धाकटा. मी एक आणि ते दोघं, म्हटल्यावर पहिल्याच दिवशी जुंपली. एकाने मला ओढावं, दुसऱ्याने वायर धरावी.

"आणू का करवत?" बाबा म्हणाले. "अर्धा तुला, अर्धा तिला."

मी घाबरलो. मुलांना मात्र ते पटलं. करवत न आणताच त्यांनी माझी वाटणी केली. ताईने डावी बाजू धरली, धाकट्याने उजवी. चाल तिची, उडी त्याची.

खेळ होता 'डोंगरघंटा'. घंटाजी नावाचा रांगडा गडी पाठीला घंटा बांधून डोंगर चढतो आणि त्याच्या मागे एक आगाऊ शेळी येते. इतकीच गोष्ट. पण अर्ध्या अर्ध्या कंट्रोलरवर ती खेळून बघा, म्हणजे कळेल. ताईने घंटाजीला कड्याच्या टोकापर्यंत न्यायचं आणि धाकट्याने नेमकं तेव्हाच उडीचं बटण दाबायचं. जरा चुकामूक झाली की घंटाजी दरीत.

"तू उशीर केलास."

"तूच पुढे गेलीस."

असं भांडत भांडत ते आख्खा डोंगर चढले. खांद्याला खांदा लावून बसायचे ते, कारण माझी लांबी ती केवढी. मित्रांनो, मला आयुष्यात सुख म्हणून जे काही मिळालं, ते तेव्हा मिळालं. आजही कुणी हातात घेतलं की मी दुसऱ्या हाताची वाट बघतो.

ताई शिकली आणि कामासाठी दूरच्या शहरात गेली. निघताना तिने धाकट्याला बजावलं, "'डोंगरघंटा'चा दुसरा भाग आला की मी येणार. तोवर माझी बाजू शिकायची नाही."

"आणि तू माझी शिकायची नाही," धाकटा म्हणाला.

दोघांनी शब्द पाळला. पण दुसरा भाग काही येईना. घरात खेळाचं नवं यंत्र आलं, त्याला माझी वायर लागत नव्हती. मी फळीवर गेलो. ताईला एका कंपनीत काम मिळालं. मोठमोठ्या खेळांमधली बारीकसारीक कामं ही कंपनी बाहेरून करून द्यायची. कुठला खेळ ते सांगायची सक्त मनाई. "तू तिथे करतेस तरी काय?" असं आईने विचारलं की ती म्हणायची, "माणसांना चालवते." यावर घरात कुणीच डोकं चालवलं नाही.

इकडे धाकटा मोठा झाला आणि 'शेळीवाला' या नावाने खेळांबद्दल व्हिडिओ करू लागला. त्याच्या खुर्चीमागच्या फळीवर त्याने मला मांडलं. अधूनमधून मला कॅमेऱ्यापुढे धरून म्हणायचा, "हा बघा, आपण पहिल्या भागापासूनचे." मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की तो मला दाखवतो, पण खेळायला घेत नाही.

आणि एक दिवस दुसऱ्या भागाचा ट्रेलर आला.

काय सांगू. घंटाजी म्हातारा झाला होता. दाढी पिकलेली. उडी नाही, धाव नाही. पायऱ्या चढत होता, त्याही कशा, तर वळणावर थांबून कातळावर तळहात टेकायचा, वर बघायचा, मग डावा पाय वर टाकायचा आणि उजवा त्याच्याशेजारी आणून ठेवायचा. बस. एवढंच दाखवलं होतं. शेळी तर कुठे दिसलीच नाही.

जगात जणू आग लागली. शेळी मेली, असं कुणीतरी लिहिलं. संध्याकाळपर्यंत ती कशी मेली तेही लोकांना ठाऊक झालं होतं. एका गटाने शपथ घेतली की शेळी नसेल तर खेळाला हात लावणार नाही. दुसरा गट म्हणाला, शेळी पुढे गेली असेल, ट्रेलरमध्ये मावली नसेल. दोन्ही गटांनी एकमेकांची आईबहीण काढली.

आई मशीनवरून ओरडली, "खेळ आलाय का अजून? बाजारात तुरी आणि तुम्ही घरात मारामाऱ्या करा."

धाकट्याला हे ऐकायला वेळ कुठे होता. तो मनापासून दुखावला होता, हे मी शपथेवर सांगतो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो गडी असा परत यावा? पण दुखावलेल्या माणसाने कॅमेरा सुरू करू नये. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं झालं. तो उठला, खोलीच्या भिंतीला हात टेकला आणि कण्हत, पाय ओढत, घंटाजीच्या चालीची नक्कल करू लागला. "हा नायक? याला डोंगर नको, दवाखाना दाखवा. ही चाल ज्याने कुणी बनवली त्याने आधी माणूस चालताना बघावा."

लोक लोटपोट हसले. मग जो तो भिंत धरून चालू लागला आणि तसे व्हिडिओ टाकू लागला. "भिंत धर" ही शिवीच झाली म्हणा ना. शेवटी बातमी आली की खेळ बनवणारी कंपनी ही चाल काढून टाकून घंटाजीला पुन्हा पळता करायच्या विचारात आहे. धाकट्याने विजयाचा व्हिडिओ केला.

याच सुमारास ताईने त्याचे फोन उचलणं बंद केलं. आईशी बोलायची, बाबांशी बोलायची. धाकटा म्हणायचा, "कामात असेल."

एका दुपारी बाबा त्याला जेवायला बोलवायला आत आले. पडद्यावर ट्रेलर चालू होता. बाबा कधी या गोष्टींकडे बघत नसत, पण त्या दिवशी दारातच थबकले.

"हे परत लाव बघू."

धाकट्याने परत लावलं. बाबा पडद्याच्या अगदी जवळ गेले. मला फळीवरून त्यांचा चेहरा दिसत होता. आधी कोडं पडल्यासारखा, मग हळूहळू खुलत गेला.

"अरे, हा माझा गुडघा आहे," बाबा म्हणाले.

"काय?"

"माझा रे. हे बघ." बाबांनी भिंतीला तळहात टेकला. वर बघितलं. डावा पाय पुढे टाकला आणि उजवा शेजारी आणून ठेवला. "बघितलंस? हुबेहूब. मागे ताई आली होती ना, तेव्हा मला सारखी जिना चढायला लावायची आणि फोनवर टिपायची. मला वाटलं, डॉक्टरला दाखवायचं असेल. मी म्हटलं, पोरीला काळजी आहे."

धाकटा बाबांच्या पायांकडे बघत राहिला. इतकी वर्षं बाबा कामावरून यायचे तेव्हा हा पडद्याकडे तोंड करून बसलेला असायचा. घरी होती तोवर दार उघडायला, पिशवी घ्यायला जायची ती ताई. ती बाबांना जिना चढून येताना बघायची. याने बाबांचा फक्त आवाज ऐकला होता. स्वतःच्या बापाची चाल त्याने पहिल्यांदा बघितली ती परक्या लोकांना हसवण्यासाठी, आणि तीही ओळखली नाही. मी जुनं प्लॅस्टिक, पण त्या क्षणी मलाही त्याची दया आली.

बाबा मात्र खुशीत होते. खुर्चीवर टेकले, गुडघ्यावरून हात फिरवला आणि त्याला विचारलं, "मग? लोकांना आवडलं का?"

धाकट्याने ट्रेलर बंद केला. "जेवायला चला," एवढंच तो म्हणाला आणि तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा लावला. खरं कारण सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर ताईची नोकरी गेली असती. तो म्हणाला, "मी चुकलो. ती चाल खरी आहे. काढू नका. मी न बघता बोललो." त्याने नकलेचा व्हिडिओ काढून टाकला. झालं, काल ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच आपटलं. विकला गेला म्हणाले, घाबरला म्हणाले. "भिंत धर, शेळीवाल्या," असं त्यालाच लिहू लागले. तो एकेक वाचायचा. उत्तर कुणालाच दिलं नाही त्याने.

मग ताईचा फोन आला, बाबांना. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजात असतो. ते बोलत बोलत धाकट्याच्या खोलीतच आले.

"बाबा, तुम्हाला कळलं म्हणे. आई सांगत होती."

"कळणार नाही तर काय. गुडघा बरोबर जमलाय. पण मला एवढी दाढी कशाला?"

ताई हसली. मग म्हणाली, "चाल ठेवलीय त्यांनी. कालच ठरलं."

"बरं झालं. हा इथेच बसलाय. बोलतेस?"

धाकट्याने फोन घ्यायला हात पुढे केला.

"आधी त्याला खेळू द्या, बाबा," ताई म्हणाली. "पुरता खेळला की बोलू आम्ही."

बाबांनी फोन खिशात ठेवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला पुसा, जपा, फेकू नका' असं विनवायचा रिवाज आहे. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. नव्या यंत्राला माझी वायर लागणार नाही, हेही मी मनाशी पक्कं केलं आहे. माझी विनंती एवढीच की हसायच्या आधी नीट बघा. जे तुमच्या हातात अजून आलेलं नाही, ते कुणाच्या तरी हातात कितीतरी दिवस होतं. ते हात कदाचित तुमच्याच घरचे असतील.

हल्ली संध्याकाळी बाबा यायची वेळ झाली की धाकटा उठतो आणि खाली जातो. जिन्यावर दोघांची पावलं मला ऐकू येतात, एक थांबतं तेव्हा दुसरंही थांबतं. पिशवी आता धाकट्याच्या हातात असते. खेळ यायला अजून अवकाश आहे. ताईही अजून आलेली नाही.