सुनेत्राचा ऑगस्ट

ऑगस्टातल्या, म्हणजे सिडनीच्या ऐन हिवाळ्यातल्या सकाळी, पॅरामॅटाजवळच्या त्या उघड्या तरणतलावावर, तापवलेल्या पाण्यातून उठणारी वाफ थंड हवेला भिडून पांढुरकी होत जायची, आणि त्या धूसर पडद्यातून एक सावळा हात वर यायचा, क्षणभर आकाशाला टेकल्यासारखा थांबायचा आणि आवाज न करता पुन्हा पाण्यात विरून जायचा. सुनेत्रा आठवायची म्हटलं की मला आजही आधी तो हात दिसतो. चेहरा नंतर येतो, हसू त्याहून उशिरा.

शिकायला म्हणून आम्ही दोघी सिडनीत आलो आणि एकाच भाड्याच्या घरात स्थिरावलो. मी पुण्याची, ती सांगलीची. पुढे मी ऑफिसात संगणकासमोर बसू लागले आणि ती वेस्टमीडच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासू लागली. तिच्या वागण्याला नदीचा संथपणा होता. चहा गाळताना, ओढणी घडी करताना, अगदी ट्रेन चुकली तरी, तिची लय मोडत नसे. त्या आठवड्यात ती मोडली.

सोमवारी संध्याकाळी तिच्या धाकट्या भावाचा, मंदारचा, फोन आला. बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया शनिवारी ठरली होती.

“आत्ता धावत येऊ नकोस, ताई,” तो म्हणत होता. “आत कुणाला सोडत नाहीत. बाबा घरी आले की खरी गरज लागेल तुझी.”

त्याचं खरं होतं. इकडे फ्लूची साथ होती, प्रयोगशाळेतली निम्मी माणसं आजारी होती, आणि रजा मंजूर झाली ती पुढच्या आठवड्यापासूनची. म्हणजे हातात फक्त वाट पाहणं उरलं. दिवसभर ती परक्या माणसांच्या रक्ताकडे डोळे लावून बसे आणि घरी आली की भांडी घासता घासता नळ तसाच वाहता ठेवून खिडकीबाहेर पाहत राही. मी काही बोलले की “हं” म्हणे, आणि तो हुंकारही कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटे.

सकाळचं पोहणं मात्र तिने सोडलं नाही. उलट ते वाढलं. बुधवारी माझं केव्हाच आटोपलं होतं, मी टॉवेल गुंडाळून काठावर कुडकुडत बसले होते, आणि ती या टोकाकडून त्या टोकाकडे, धुक्यात शिरत, धुक्यातून उमटत, जातच होती. शेवटी काठ धरून थांबली तेव्हा तिचे ओठ निळसर पडले होते.

“पुरे ना गं,” मी म्हटलं.

“थांबले की विचार येतात,” ती म्हणाली. मग पाण्याकडे पाहत, जणू पाण्यालाच सांगावं तशी बोलू लागली. “बाबांनीच शिकवलं मला. कृष्णेच्या घाटावर, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. एक दिवस मी मधोमध पोचले, तर ते काठावर उभे, आणि डबा त्यांच्या हातात. कधी सोडला, कळलंच नाही मला.” ती हसली, आणि त्याच हसण्यात तिचा चेहरा चुरगळला. मी टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला. वर उजळत चाललेल्या आभाळात कुठे तरी मॅगपाय पक्षी ओल्या गळ्याने गात होता.

शनिवारी दुपारी ती नेहमीसारखी ओढ्यावर निघाली. ओढ्याकाठचं मूळचं रान जपणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात ती कित्येक वर्षं जात होती. उपरी झुडपं उपटायची, रानाला पुन्हा श्वास घेऊ द्यायचा. त्या दिवशी मीही सोबत गेले. इथे लँटाना म्हणतात ती आपली घाणेरीच; तीच केशरी-गुलाबी फुलं, चुरगळल्यावर तोच उग्र वास. उपटलेलं झुडूप मुळं वर करून झाडाच्या बेचक्यात ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा जमीन धरत नाही, असं सुनेत्राने मला दाखवलं. वॉटलच्या पिवळ्या फुलोऱ्यातून ऊन झिरपत होतं आणि झाडांच्या गर्दीत न दिसणारे बेलबर्ड पक्षी काचेवर काच टेकवल्यासारखे किणकिणत होते. तिकडे शस्त्रक्रिया सुरू झाली होती.

गटातल्या जोन नावाच्या निवृत्त शिक्षिकेला सुनेत्राने तेवढंच सांगितलं होतं. “फोन जवळ ठेव, लव्ह. बाकी काही बोलायची गरज नाही,” असं इंग्रजीत म्हणून ती सुनेत्राच्या शेजारी गुडघे टेकून बसली आणि त्याच झुडपाला तिने हात घातला. तिघी माती उकरत राहिलो. ऊन पाण्यावरून सरकत पलीकडच्या काठावर गेलं, सावल्या लांबल्या, आणि फोन वाजला.

“ताई, बाबा बाहेर आले. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालं.”

सुनेत्रा चिखलातच खाली बसली. मातीने भरलेले हात तिने चेहऱ्यावर घेतले, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं रडू मोकळं झालं. जोनने तिची पाठ थोपटली. जरा वेळाने सुनेत्राने नाक पुसलं, समोरच्या अर्धवट सुटलेल्या मुळाकडे पाहिलं आणि म्हणाली, “चल, एवढं काढून टाकू.”

पुढच्या आठवड्यात ती सांगलीला गेली. रजा वाढली, पुन्हा वाढली, आणि मग एका सकाळी फोनवर तिने शांतपणे सांगितलं, “बाबा हिंडू-फिरू लागलेत. थांब असं एकदाही म्हणाले नाहीत, म्हणूनच कायमची थांबतेय गं.” तिच्या आवाजात तिची जुनी लय परतली होती.

आता मी दुपारी जेवायला बसते तेव्हा तिच्याकडे कोवळी सकाळ असते. माणूस दूर गेलं की भूतकाळात जाऊन बसतं, असं मला वाटत असे. पण मी जगून संपवलेली प्रत्येक सकाळ तिच्या दारी अजून सरायची बाकी असते, आणि तेवढा वेळ तरी काहीच सरलेलं नसतं.