कुंपणावरचा गमछा

हेमराजने हिरवा गमछा पिळला, कुंपणावर नीट पसरला आणि आत येऊन टीव्हीसमोर बसला. जमलं एकदाचं. तळ्याच्या पाळीपलीकडं दुर्बीण लावून बसलेल्या साहेबांना एवढी खूण पुरे होती: नक्षल्यांत गेलेला लटारूचा मुलगा बिरजू जंगलातून घरी आला आहे. बिरजू मागं विहिरीवर आंघोळीला गेला होता.

बॅटरीवरच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीत दुपारची मालिका रंगली होती. साध्या वेशातला इन्स्पेक्टर गुंडांच्या टोळीत घुसला होता. अंधार, धूर, पाऊस, आणि त्यात डोळ्यांवर काळा चष्मा.

"घरात बी चष्मा काढत नाई लेकाचा," लटारू हसला. "आंधारात याले दिसते तरी कसं?"

हेमराजही हसला. अशाच मालिका पाहून त्यानं हे काम हौसेनं मागून घेतलं होतं. मूल गावाकडचा जाळी सांधणारा बनून चार महिने तो याच घरी जेवत होता. मालिकेतल्या इन्स्पेक्टरला कुणी प्रेमानं वाढत नसे, म्हणून त्याचं बरं चाललं होतं.

लटारूची बायको मनकर्णा दाराशी जाळं घेऊन बसली होती. हेमराजने काल मारलेल्या गाठी ती एकेक सोडून पुन्हा बांधत होती.

"बाई, हे काऊन?"

"रोजचंच आहे. तुमची गाठ सरकते, भाऊ. मासोळी निंगून जाते." तिनं मान वर केली नाही. "पयल्याच दिवशी समजलं मले. गाठ आमच्या लोकायची नाई, अन् पायाले बुटाचा वळ. पोलीस असन म्हटलं."

लटारूने टीव्हीचा आवाज बारीक केला. हेमराज तिच्याकडं वळला.

"मग ठेवलं काऊन मले?"

"बिरजू थकला जंगलात फिरून. त्याले शरण जाचं आहे, पण एकट्यानं चौकीत जाची हिंमत होत नाई." आता ती त्याच्याकडं पाहत होती. "म्हणून म्याच निरोप धाडला. ये म्हटलं. हेमराजभाऊ आपल्या घरचं जेवतेत, हात धरून नेतीन तुले."

हेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो ताडकन उठला आणि गमछा काढायला अंगणात धावला.

कुंपण मोकळं होतं. बिरजू त्या ओल्या गमछ्यानं तोंड पुसत उभा होता.

"तुमचा आहे का, भाऊ? घेतला जरा."

पाळीवर धूळ उठली होती. हेमराजला दुसरं काही सुचेना. त्यानं पुढं होऊन बिरजूचा हात घट्ट धरला.

"हां, असंच न्या," दारातून मनकर्णा म्हणाली. गाड्यांचा आवाज तिला अजून आला नव्हता.