कापलेला फाल्गुन

उंबरवाडीत घरं अकरा आणि रेडिओ नऊ. उरलेल्या दोन घरांतलं एक चंदूचं. त्याच्याकडे फाटक्या आवाजाचा मोठा स्पीकर आहे, त्याला रेडिओ काय करायचा? दुसरं भागोजी उतेकराचं. ज्याच्या आवाजावर वाडी उठायची त्याच्याच घरात रेडिओ नाही, हे ऐकून पाहुणे हसायचे. त्याची बायको ठकूबाई मात्र सरळ सांगायची, "दिवसभर घरात बडबड आयकते ती काय कमी हाय? सकाळची अजून कशाला?"

ही बडबड रोज सकाळी सात वाजता पोलादपूरच्या 'घाटवाणी'वर लागायची. तळीये गाव दरडीखाली गेलं त्यानंतर एका निवृत्त मास्तरांनी संस्था काढून, इकडून तिकडून अनुदान मिळवून हे केंद्र उभं केलं होतं. नूतन तिथली निवेदक. सात वाजले की ती फोन करायची. भागोजी तोवर वाडीमागच्या कातळावर जाऊन बसलेला असायचा, कारण रेंज फक्त तिथेच. डब्यात पाऊस किती साठला, झऱ्याचं पाणी नितळ आहे की गढूळ, आणि शेवटी भेगेचं माप, एवढं तो सांगायचा. वाडीच्या वरच्या उतारावर भेग पडली होती. तिच्या दोन्ही अंगांना त्याने दोन खुंट्या ठोकल्या होत्या आणि त्यांच्यातलं अंतर तो रोज बोटांनी मोजायचा. "आज तीन बोटं हाय" असं तो म्हणाला की खालच्या चार वाड्यांत माणसं चुलीपाशीच ठरवायची, आज गुरं वर न्यायची की नाही. दरडीची आगाऊ सूचना देणारं सरकारी खात्याचं यंत्र म्हणाल तर ते यायचं होतं. अजूनही यायचंच आहे.

नूतन पहिल्यांदा वाडीत आली तेव्हा तिला भेग आणि ओहोळ यांतला फरक कळत नव्हता. भागोजीने तिला डोंगरभर फिरवून तो शिकवला. ठकूबाईने तिला कुळथाचं पिठलं खाऊ घातलं आणि जाताना पिशवीत कुळीथही बांधून दिला. लेकीला द्यावं तसं.

मग अनुदान आटलं. मास्तर थकले. आणि नेमकी याच वेळी पलीकडच्या डोंगरात खडी फोडणाऱ्या कंपनीला समाजसेवेची उबळ आली. तिने एक फाउंडेशन काढलं आणि फाउंडेशनने 'घाटवाणी' दत्तक घेतली. पाटी तीच राहिली, नूतन तीच राहिली, विश्वस्त मात्र सगळे नवे आले. पुण्याहून सुहास सर व्यवस्थापक म्हणून आले आणि त्यांनी काचेवर नियम चिकटवले. निवेदन प्रमाण मराठीतच व्हावे. भीती पसरेल असा मजकूर नसावा. थेट प्रक्षेपण बंद. आधी रेकॉर्ड करायचं, मग सर ऐकणार, मग लागणार. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढाच त्या सगळ्या नियमांचा अर्थ, पण तो काचेवर लिहिता येत नाही.

ज्येष्ठात नूतनचा फोन आला. "काका, थोडे दिवस थांबू या. सर म्हणतात, तुमचं ते हाय-नाय रेडिओवर बरं वाटत नाही."

भागोजी हसला. "डोंगर काय शुद्ध बोलून सरकतो काय गो?"

ती हसली नाही. तिने "बघते मी" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतरही तो महिनाभर रोज साताला कातळावर जाऊन बसत होता. सवय, दुसरं काय! राग आलाच तर तो सुहास सरांचा यायचा. नूतनबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की तो म्हणायचा, "पोरगी आपली हाय. ती करील कायतरी."

आणि पोरीने केलं.

आषाढातली ती सकाळ. चार दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागलेला. आदल्या संध्याकाळी खुंट्यांत चार बोटं होती. आज भागोजीने हात लावला तर वीत पुरेना. झऱ्याला लाल पाणी सुटलेलं. घोंगडी सावरत, दोनदा घसरत तो खाली धावला आणि पहिलं दार गोदूबाईचं वाजवलं.

"गोदू, चूल टाक. पोरांना घे आनि खाली शाळंत चल. डोंगर सरकतोय!"

गोदूबाई दारात आली, पण त्याच्याकडे बघायच्या आधी तिने वळून आत बघितलं. आत रेडिओ लागला होता, आणि रेडिओत भागोजी बोलत होता.

"भेग हाय तेवढीच हाय. घाबरायचं काय कारन नाय. कामाला लागा."

मागोमाग एका बाईचा गोड, घोटीव आवाज आला. डोंगर सुरक्षित, विकास निश्चित. जनहितार्थ सादर.

"कालपासनं लागतंय ह्ये," गोदूबाई म्हणाली. "रेडिओत एक आनि दारात एक, कुठला भागोजी खरा धरू रे?"

आवाज त्याचाच होता. शब्दही त्याचेच, एकही इकडचा तिकडे नव्हता. हे आपण बोललो कधी? मग त्याला आठवलं. होळीच्या आधीची सकाळ होती आणि तो म्हणाला होता, "आता फाल्गुन हाय, डोंगर सुका खडखडीत हाय." त्याच्या पुढचं हे वाक्य. म्हणजे त्यांनी खोटं काही घातलंच नव्हतं, फक्त महिना काढून टाकला होता.

तो तसाच भिजत कातळावर गेला आणि त्याने नूतनला फोन लावला.

"नूतन, फाल्गुन कुठं गेला गो?"

कुठला फाल्गुन, हे तिने विचारलं नाही.

"काका, सरांनी वीस सेकंदांचं मागितलं होतं. त्यात बसत नव्हतं."

"कोनी कापला?"

"मीच," ती म्हणाली. मग घाईघाईने, "काका, मला वाटलं, निदान तुमचा आवाज तरी पुन्हा लागेल. तुम्हाला बरं वाटेल. आणि मी नाही म्हटलं असतं तर माझ्या जागी..."

"त्ये राहू दे. माझी वाडी जाईल गो आज. आत्ता मला लाव. वीस नको, दहाच सेकंद दे."

"थेट काही लावता येत नाही आता, काका. सर ऐकल्याशिवाय... आणि सर मुंबईला गेलेत. मी विचारते. तहसीलला पण फोन करते."

विचारते! गेली पाच वर्षं ज्या पोरीवर त्याने जीव लावला, ती, माणसं मरतील म्हणून आपण सांगतोय तर, परवानगी काढायला निघाली होती. सुहास सर परके होते, त्यांनी फसवलं त्याचं काय एवढं? हिचा घाव मात्र आतपर्यंत गेला.

पण रडत बसायला वेळ नव्हता. तो घरोघर फिरला. हात जोडले, शिव्या दिल्या, खुंट्या बघायला चला म्हणून माणसांना ओढलं. त्या पावसात वर जायला कोण तयार होणार? प्रत्येक ओटीवर दर अर्ध्या तासाने तोच आवाज लागत होता, शांत आणि भरवशाचा, त्याच्या चांगल्या दिवसांतला. त्या आवाजापुढे हा चिखलाने माखलेला, ओरडणारा म्हातारा कोण ऐकतो?

चंदू कंपनीच्या डंपरवर होता. तो म्हणाला, "नाना, रेडिओवरनं काढलान म्हनून एवढा राग बरा नाय. कंपनी बंद पाडाल, मंग आमी खायचं काय?"

"अरे, मरशील रे!"

"तुमीच सांगताय ना, कारन नाय म्हनून."

शेवटी शाळेत गेली दोनच माणसं, भागोजी आणि ठकूबाई. तीही कुरकुरत आली, पण आली. तहसीलचं कोणी आलं नाही. घाटात झाड आडवं पडलं होतं म्हणे. रात्र त्यांनी बाकावर बसून काढली.

उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता आणि डोंगर जागच्या जागी होता.

दूध घेऊन उतरणारी माणसं शाळेपाशी थांबून थांबून हसली. "काय नाना, डोंगर पळाला काय?" गोदूबाई हसली नाही, पण तिने नजरही दिली नाही. नातवंडांना घट्ट धरून ती खाली मान घालून पुढे गेली, आणि भागोजीला तेच जास्त लागलं.

नूतन दहाच्या सुमाराला आली. एस्टीच्या फाट्यापासून चिखल तुडवत, डोळे सुजलेले. तिने पिशवीतून रेकॉर्डर काढला.

"काका, बोला. काय बोलायचं ते बोला. मी सरांना न विचारता लावते. नोकरी गेली तर जाऊ दे. एक शब्द कापणार नाही."

ठकूबाईने तिच्याकडे पाठ फिरवली. भागोजीने मात्र तिला बसायला बाक पुसून दिला.

"लावून काय करशील?" तो म्हणाला. "भेग वीतभराच्या वर हाय, ती काय मिटली नाय. उद्या फाकली तर मी परत दारं वाजवीन. उघडील कोन?"

"मी सांगेन ना सगळ्यांना, की मीच..."

"आयक. पहाटं डोंगर उभा दिसला ना, तवा मला वाईट वाटला."

नूतनला कळलं नाही.

"वर गोदूची नातवंडं झोपली होती. चंदूची बायको पोटुशी हाय. सगळी धडधाकट उठली, आनि मला वाईट वाटला, नूतन. पडला असता तर माझा खरा झाला असता, असा मनात आला. एकदाच आला, पन आला." त्याने पाठमोऱ्या ठकूबाईकडे बघून आवाज खाली आणला. "ठकूला पन सांगितला नाय मी. पासष्ट वर्षांत कोनाचा वाईट चिंतला नव्हता गो मी. त्यो मानूस तुमी कापलात."

तिने रेकॉर्डर मांडीवर ठेवला आणि तोंडाला पदर लावला. भागोजी उठला. त्याने कोपऱ्यातली घोंगडी झटकली, डोक्यावरून घेतली आणि खुंट्यांकडे जाणाऱ्या वरच्या वाटेकडे बघितलं.

"साडेअकराची यष्टी हाय," तो म्हणाला. "ती चुकली तर थेट तीनला. निघ."