आमगाववालीची खोली

जुन्या बाजाराच्या गल्लीत पूर्वी कोण कोण राहायचं ते शोधून नकाशावर मांडायचं काम वाचनालयानं मला दिलं, तेव्हा मी ते आनंदानं घेतलं. खरं कारण कोणाला सांगितलं नाही. याच गल्लीत कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत माझी आई राहत होती. मी रांगत होते तेव्हाच ती वारली. तिचा फोटोसुद्धा नाही. तिला इथं, तिच्या संसारात बघितलेलं एक तरी माणूस मला हवं होतं.

पुरुषांची नावं भराभर मिळाली. बायकांचं विचारलं की सगळे डोकं खाजवायचे आणि माझं डोकं फिरायचं. 'प्रेमिला कुठं राहायची?' दारोदार विचारून झालं. वडिलांचं नाव सांगितलं असतं तर लवकर भागलं असतं. पण मला आमगावला मामाच्या ओसरीवर ठेवून जे गेले ते गेलेच, त्यांचं नाव मी तोंडातून काढणार नव्हते.

शेवटी उरल्या देवकाबाई, गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या. दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"प्रेमिला? अशी कोनी नोहती बाप्पा इथं."

मी उठले. चपलेत पाय घालताना डोळे भरून आले.

"काऊन रडून राहिली वं? कुठची तू?"

"आमगावची."

त्यांचा सुपातला हात थांबला. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "आमगाववालीची पोरगी?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावानंच हाक मारतात, नाव कोण विचारतो! कुडव्याला सासरी मी स्वतः अजून आमगाववालीच आहे. त्या हाकेचा मला इतका राग, की आईलाही तीच असेल हे सुचलंच नाही.

"थे मोबाईलचं दुकान हाय ना, थितंच तिची खोली होती," देवकाबाई म्हणाल्या. "लय हासे. चाय झाला का मी इथून हाक मारो, अन् थे तुले कडेवर घेऊन ये."

"कशी हाक मारायच्या?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, दुकानाकडे तोंड केलं. "ए आमगाववाली! ये वं, चाय झाला!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"ओ, आली!" सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं.

देवकाबाईंनी डोळे मिटून घेतले. "आवाज तोच हाय," त्या म्हणाल्या. "आखीन एकदा म्हन."

मी चपला परत काढल्या आणि त्यांच्याजवळ बसले.