तारांची चाकं आली तेव्हा

मी एक चाक. मोटारीचं, लाकडी आऱ्यांचं. बैलगाडीचं समजू नका, तेवढा अपमान मला सोसत नाही.

साहेबाच्या मुलखात घडलो, बोटीनं मद्रासला उतरलो आणि कुर्गातल्या एका कॉफीमळेवाल्याच्या मोटारीला वर्षानुवर्षं धावलो. एक्कावन्न साली ती मोटार बसवनगुडीच्या गुंडोपंतांनी घेतली. गुंडोपंत बेळगावकडचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. घरात दोघंच, ते आणि कृष्णाबाई.

गुंडोपंतांइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही. रविवार उजाडला की ते अंगणात पाट घेऊन माझ्यापुढे बसत. एकेक आरा पुसायचा, जवसाचं तेल चोळायचं. उन्हाळ्यात लाकूड आटून मी करकरू लागलो की ओलं गोणपाट गुंडाळायचे. कृष्णाबाई पायरीवर बसून बघत राहायच्या.

एकदा त्या जवळ येऊन म्हणाल्या, "द्या इकडे फडकं, मी पुसते."

"नको गं. तेल जास्त होईल. तुला नाही कळायचं त्यातलं."

"सरी, बरं तर," म्हणत त्या आत गेल्या. मी मनातून सुखावलो. माझ्यात वाटेकरी नको होता मला.

एकोणसाठच्या वैशाखात कृष्णाबाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न म्हैसूरला होतं. "आगगाडीनं जाऊ," त्या म्हणत होत्या. गुंडोपंतांना मोटार मिरवायची होती. बिडदीच्या पुढे वळणावर माझ्या शेजारच्या चाकाचा आरा काडकन् मोडला. मोटार रस्त्याच्या कडेला कलंडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण मुहूर्त टळला. कृष्णाबाई शालू नेसून चिंचेखाली बसून राहिल्या.

तिन्हीसांजेला ट्रकमधून परतताना त्या एवढंच बोलल्या, "त्या घरात आता ती चाकं तरी राहतील, नाहीतर मी तरी."

आठवड्याभरात बसवंत मेस्त्री आला. त्यानं दंडू भागातल्या, म्हणजे लष्करी छावणीकडच्या, एका मोडीत निघालेल्या मोटारीची तारांची चाकं आणली होती. नुसती चाकं बदलून भागत नव्हतं. ज्यावर मी बसायचो तो तुंबासुद्धा काढावा लागला.

"अण्णा, स्वल्प बाजूला व्हा," असं गुंडोपंतांना म्हणत त्यानं मला ओढून काढलं आणि शेडच्या भिंतीला टेकवलं. माझ्या जागी ते तारांचं चाक सरकवलं, मधे एकच मोठा नट बसवला आणि हातोडीनं ठोकून घट्ट केला. संपलं!

काय तो तोरा! बारीक बारीक तारा, त्यांच्यावर ऊन पडलं की नुसता लखलखाट. गल्लीतली माणसं थांबून बघायची. मी म्हणायचो, थांबा, पहिल्या खड्ड्यातच वाकेल हे जाळीदार सोंग. मेलं वाकलं मात्र नाही.

पण माझा खरा जळफळाट पुढेच झाला. तारांची चाकं पुसणं म्हणजे महाकठीण. तारांच्या आड माती बसते, तिथं गुंडोपंतांची जाड बोटं शिरेनात. एका रविवारी ते वैतागून म्हणाले, "अगं, जरा येतेस का? तुझा हात बारीक आहे."

कृष्णाबाई आल्या. पदर खोचून चाकाच्या पलीकडे बसल्या. फडक्याची पट्टी तारांतून त्यांनी इकडून सारायची, गुंडोपंतांनी तिकडून ओढायची. मग म्हैसूरच्या बहिणीचा विषय निघाला.

"तुझं चुकलं नव्हतं त्या दिवशी," गुंडोपंत म्हणाले.

"सात महिने लागले हे म्हणायला?" त्या म्हणाल्या, आणि दोघंही हसली.

माझ्यापुढे बसून ते कधी हसले होते? मला तेल मिळालं होतं, माया मिळाली होती. पण ती एकाची. त्या उपटसुंभाला दोघं मिळाली.

गेल्या वर्षी गुंडोपंतांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. मोटार आता क्वचितच निघते, ड्रायव्हर बोलावून. रविवार मात्र चुकत नाही.

आज सकाळी एक हौशी गृहस्थ आले. त्यांच्या जुन्या मोटारीला असलीच लाकडी चाकं हवी होती.

"देऊन टाकू?" गुंडोपंतांनी विचारलं.

कृष्णाबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "द्या. रस्त्यावर तरी जातील बिचारी."

बिचारी! तिच्या तोंडून कीव ऐकायची पाळी आली.

मला हातगाडीवर चढवलं. पुन्हा धावायला मिळणार, खरं तर मी आनंदात असायला हवं होतं. फाटकातून निघताना मागे पाहिलं. गुंडोपंत डाव्या हातानं तारांत फडकं घालू बघत होते, ते सारखं निसटत होतं. कृष्णाबाईंनी त्यांचं मनगट धरलं होतं. माझ्याकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती. आणि मी, एवढं जुनंजाणतं लाकूड, आतल्या आत जळत होतो.

नव्या धन्याला माझा निरोप सांगा. तेल कमी घातलंत तरी चालेल. पण मला पुसायला बसाल तेव्हा घरातल्या आणखी कुणाला तरी हाक मारा.