वाचायची राहिलेली चिप

सयाजी गवळींनी चाकणच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं बिघडलेल्या मशीनच्या पॅनेलात डोकं घातलं, आणि निवृत्त झाल्यावर ते डोकं बाहेर काढणं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी जुने कॉम्प्युटर धरले.

जुने म्हणजे फार जुने. पस्तीस-चाळीस वर्षांमागे हौशी लोक घरी घ्यायचे ते. कीबोर्डच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचा. कुणाच्या माळ्यावरून, शाळेच्या अडगळीतून, भंगारवाल्याकडून असले डबे सयाजीरावांच्या चिखलीतल्या गॅलरीत येऊन पडत. ते फुगलेले कपॅसिटर बदलत, चिपांचे गंजलेले पाय घासत, पिवळं पडलेलं प्लॅस्टिक उजळवत. पण नुसतं चालू करून त्यांचं समाधान होत नसे. मेमरी वाढव, कॅसेटच्या जागी मोबाइलमधलं छोटं कार्ड बसव, असं काहीतरी वर केल्याशिवाय मशीन हातावेगळं करवत नसे.

"लोक म्हातारपणी देवाला लागतात," त्यांच्या पत्नी सुमनताई म्हणत, "तुम्ही मेलेल्या डब्यांना लागलात."

दर रविवारी आकुर्डीत एका क्लासच्या खोलीत असे दहा-बारा हौशी जमत. बहुतेक वाकडकडचे इंजिनिअर, वयानं सयाजीरावांच्या निम्मे. सयाजीराव हेल्पर म्हणून लागून बघून बघून शिकलेले. पण तिथं सगळे त्यांना काका म्हणत आणि ते बोलायला लागले की मोबाइल खाली ठेवत. हा मान त्यांना फार प्यारा होता.

त्यांनी तिथं एक नियम घालून दिला होता. जुन्या काही चिपांच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. त्या खिडकीवर अतिनील प्रकाश पाडला की आत साठवलेलं सगळं पुसलं जातं आणि चिप कोरी होते, पुन्हा वापरता येते. चुकून पुसली जाऊ नये म्हणून खिडकीवर कागदाची पट्टी चिकटवतात. सयाजीरावांनी पाण्याच्या फिल्टरमधली ट्यूब स्टीलच्या डब्यात बसवून असली पुसायची पेटी घरीच केली होती. ती दाखवताना ते बजावत, "अनोळखी चिप हातात आली की आधी वाचून घ्यायची. तिची नक्कल काढून ठेवायची, मगच पेटीत टाकायची. दीड मिनिटाचं काम हाय. आळस करायचा न्हाई."

निगडी प्राधिकरणातल्या अरुंधती देवधरांना सयाजीरावांचं नाव या ग्रुपमधल्याच कुणाकडून कळलं. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान प्रभाकर इंजिनिअर होते. चार वर्षांपूर्वी वारले. त्यांचा जुना कॉम्प्युटर चालू होत नव्हता.

"जास्त काही करू नका, सयाजीराव," मशीन हातात देताना बाई म्हणाल्या. "जसा होता तसा चालू करून द्या, एवढंच. येत्या रविवारी नको, पण पुढच्या रविवारी मला तो लागणार आहे."

सयाजीरावांनी मान हलवली. दोन दिवसांत त्यांनी वीजपुरवठ्यातले फुटलेले कपॅसिटर बदलले आणि टीव्हीवर कर्सर लुकलुकायला लागला. काम झालं होतं. तिथंच त्यांनी झाकणाचे स्क्रू आवळायला हवे होते.

पण मशीन दुर्मीळ होतं, ग्रुपमध्ये असलं कुणाकडंच नव्हतं. उद्या रविवार. याला कार्ड बसवलं आणि एका सेकंदात प्रोग्राम चढवून दाखवला तर पोरं बघतच राहतील, असं त्यांच्या मनात आलं. कार्डासाठी नवा प्रोग्राम भरलेली एक चिप लागत होती, आणि मुंबईहून मागवलेल्या कोऱ्या चिपा अजून आल्या नव्हत्या. मशीनमध्ये जादा चिपांच्या चार जागा होत्या. तीन मोकळ्या, चौथीत एक खिडकीवाली चिप. पट्टीवर पेनानं काहीतरी लिहिलेलं, शाई उडालेली. चष्मा आत टीव्हीवर राहिला होता. असेल काहीतरी भरताड, असं म्हणून त्यांनी पट्टी सोलली आणि चिप पेटीत टाकली. वीस मिनिटांनी ती कोरी झाली. मग तिच्यात त्यांनी आपला प्रोग्राम भरला.

रविवारी पोरं खरंच बघत राहिली. सुजित नावाचा इंजिनिअर म्हणाला, "काका, कोरी चिप कुठून पैदा केली राव? आम्हाला तर मिळेना."

"असत्यात आपल्याकडं," सयाजीराव म्हणाले आणि हसले.

सोमवारी ते मशीन घेऊन प्राधिकरणात गेले. दार गिरजाबाईंनी उघडलं. त्या अरुंधतीबाईंकडं एकोणीस वर्षं घरकाम करत होत्या आणि राहायला चिखलीतच, सयाजीरावांच्या मागच्या गल्लीत होत्या. टीव्ही लावला, कर्सर लुकलुकला. बाई खुर्ची ओढून बसल्या, एका बोटानं चार अक्षरं दाबली आणि थांबल्या. पडद्यावर इंग्रजीत आलं, अशी आज्ञा माहीत नाही.

त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "ऋताचं नाव टाकलं की सुरू व्हायचं. ह्यांनी ऋतासाठी केलं होतं हो, ती सहा वर्षांची होती तेव्हा. बेरजा-वजाबाक्या विचारायचं. उत्तर बरोबर आलं की एक पोपट यायचा आणि खाली मराठीत 'शाब्बास ऋता'. तेव्हा मराठी अक्षरं कुठली मशीनमध्ये? ह्यांनी आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका मांडून काढली होती. तीन महिने बसायचे रोज. मग ऑफिसातून चिपमध्ये भरून आणलं, कायमचं. आता ऋताची मुलगी सहा वर्षांची झाली. येत्या रविवारी दोघी येणार आहेत."

सयाजीरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"मॅडम, त्या चिपा नाजूक असतात. ऊन लागलं की आतलं पुसलं जातं."

शब्दात खोट नव्हती. नुसतं ऊन महिनाभर खिडकीवर पडलं तर चिप पुसली जाते. पण बंद झाकणाच्या आत ऊन शिरत नाही, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं माहीत होतं.

"ऊन?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वळून गिरजाबाईंकडं पाहिलं.

दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा गिरजाबाईंनी सामान गॅलरीत हलवलं होतं. चार दिवस कॉम्प्युटर तिथं होता.

"मी चादर टाकली होती, ताई," गिरजाबाई म्हणाल्या. "जाडी. सोलापुरी."

"असू दे," बाई म्हणाल्या. "तुला काय माहीत असणार." आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

सयाजीरावांनी तेव्हा बोलायला हवं होतं. ते वायर गुंडाळत राहिले.

पुढचे तीन दिवस त्यांनी गॅलरीत पाऊल टाकलं नाही. सुमनताईंनी विचारलं तर म्हणाले, कंबर धरलीय. चिपमधलं परत मिळतं का म्हणून त्यांनी डोकं खाजवून पाहिलं. पण पुसलेल्यावर त्यांनी स्वतःच्याच हातानं दुसरं लिहिलं होतं. परतीची वाट नव्हती. जेवताना त्यांना तो पोपट दिसे. कधीच न पाहिलेला, तरी दिसे.

गुरुवारी सकाळी गिरजाबाई कामाला जाता जाता दारात उभ्या राहिल्या. चप्पल काढली नाही, आत आल्या नाहीत.

"भाऊ, एक इचारू का? तुमी जाणते हाय म्हणून."

"विचारा की."

"जाड्या चादरीतनं ऊन जातं का?"

सयाजीरावांनी हातातला पेपर घडी केला.

"ताई काय बोलल्या न्हाईत," गिरजाबाई सांगत होत्या. "बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण आता मी कशाला हात लावला की त्या बघत्यात. काल फोटो पुसायला घेतला, तर म्हणाल्या, राहू दे गिरजा, मी पुसते. एकोणीस वर्सांत असं कधी म्हणाल्या न्हाईत. साहेब गेले तवा दवाखान्यात मी होते त्यांच्याजवळ. त्यांचीच वस्तू माझ्या हातनं गेली म्हणून मला घास जाईना."

"चादरीतनं ऊन जात न्हाई," सयाजीराव म्हणाले.

"न्हाई ना?" गिरजाबाईंचा चेहरा उजळला. "मग तेवढं सांगाल का ताईंला? माझं सांगणं कोण धरतंय. माझ्यासमोर सांगा, म्हंजी झालं."

"सांगतो. उद्या येतो."

त्या गेल्यावर सुमनताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "कंबर नाही ना धरलेली?" त्या म्हणाल्या. सयाजीरावांनी घडी केलेला पेपर पुन्हा उघडला.

रात्रीपर्यंत त्यांना एक तोड सापडली. चिपा नुसत्या वयानंही खराब होतात. पस्तीस वर्षांत आतलं आपोआप विरतं. तसं सांगायचं. गिरजाबाई सुटतात, आपणही सुटतो, कुणाचंच वाईट नाही. हे सुचल्यावर त्यांना चार दिवसांत पहिल्यांदा नीट भूक लागली, आणि दुसरी भाकरी मोडताना त्या भुकेचीच लाज वाटली.

शुक्रवारी त्यांनी ते ठरल्याप्रमाणं सांगितलं. चांगलं सांगितलं, एरवी ग्रुपमध्ये समजावून सांगत तसंच.

अरुंधतीबाई गिरजाबाईंकडं वळल्या. मग म्हणाल्या, "गिरजा, मी तुझ्यावर मनात राग धरला गं. चुकले मी."

"काय ताई, असं बोलायचं असतं व्हय," गिरजाबाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा सयाजीरावांच्या कपात आलं-वेलची घातलेली होती, बशीत चार बिस्किटं होती. "घ्या भाऊ. लई उपकार झाले तुमचे."

सयाजीरावांनी अर्धा कप चहा प्यायला.

गिरजाबाई तिथंच भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "पर भाऊ, मग त्या दिवशी तुमी ऊन का म्हणालात?"

त्यात टोमणा नव्हता, संशयही नव्हता. ज्याला काही कळत नाही त्यानं जाणत्याला विचारावं, तसं विचारलं होतं. सयाजीरावांकडं याचंही उत्तर होतं. अंदाज चुकला म्हणायचं, की झालं. ते जिभेवर आलंही. पण हातात गिरजाबाईंचाच चहा होता.

त्यांनी कप खाली ठेवला.

"ऊन न्हाई लागलं आणि वयानंही गेली न्हाई," ते म्हणाले. "ती चिप मी पुसली. चांगली होती. मला रविवारी पोरांसमोर मशीनला नवं कार्ड बसवून मिरवायचं होतं, त्याला कोरी चिप नव्हती, म्हणून तुमची घेतली. आत काय हाय ते बघितलं न्हाई. आणि त्या दिवशी गिरजाबाईंवर आलं, तरी गप्प बसलो."



"मी म्हटलं होतं, जसा होता तसा," बाई म्हणाल्या.

"हो."

"बघायला किती वेळ लागला असता?"

"दीड मिनिट."

गणिताच्या बाई होत्या. तीन महिने एका बाजूला आणि दीड मिनिट दुसऱ्या बाजूला त्यांच्या डोळ्यांसमोर मांडलेलं सयाजीरावांना दिसलं. त्या ओरडल्या असत्या तर त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. त्या ओरडल्या नाहीत.

गिरजाबाई पुढं आल्या आणि त्यांनी अर्धा उरलेला कप आणि बिस्किटांची बशी उचलून आत नेली. आतून नळाचा आवाज आला.

"ह्यांचे आलेखाचे कागद, कॅसेट, काही असेल का?" सयाजीरावांनी विचारलं. "असलं तर मी पुन्हा..."

"घर बदललं तेव्हा गेलं सगळं. चिपमध्ये कायमचं आहे म्हणून ठेवलं नाही." बाई उठल्या. "तुम्ही बसवलेलं ते कार्ड काढा. आत्ता."

सयाजीरावांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. झाकण उघडलं, कार्ड काढलं, चिप काढली. चिप कुठं ठेवायची ते कळेना, तेव्हा बाईंनी हात पुढं केला आणि ती मुठीत घेतली. मग सयाजीरावांनी झाकण लावून स्क्रू आवळले. 

"रविवारी दहा वाजता ऋता येईल," बाई म्हणाल्या. "तिला अजून काही माहीत नाही. मी सांगणार नाही. तुम्ही येऊन सांगा. आत्ता जसं सांगितलंत तसं, काही न वगळता."

"येतो," सयाजीराव म्हणाले. गिरजाबाई दारापर्यंत आल्या नाहीत. दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

रविवारी सुजितचा फोन आला, तर त्यांनी सांगितलं, "आज मी येत न्हाई. पुढच्या रविवारी येतो, मला तुमाला एक सांगायचंय." ते कपडे घालत असताना सुमनताईंनी विचारलं, कुठं चाललात. सयाजीरावांनी बसून त्यांना सगळं सांगितलं. सुमनताईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "चष्मा घ्या."

दार चाळिशी ओलांडलेल्या एका बाईनं उघडलं. मागं बैठकीत टीव्ही लावलेला होता, त्याच्यासमोर एक छोटी खुर्ची मांडलेली.

"सयाजीकाका ना तुम्ही?" ऋता हसून म्हणाली. "या ना. बाबांचा कॉम्प्युटर तुम्हीच चालू केलात म्हणे. आई म्हणाली, तुम्हाला मला काहीतरी सांगायचंय."

"हो," सयाजीराव म्हणाले, आणि आत गेलो तर पुन्हा चहा येईल या भीतीनं त्यांनी उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली.